हौदा की हौस?

देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे. २०२२ साली जुनी जीप विकली आणि घरात दोन पक्ष पडले. मुलाला तीन दारांची थार हवी होती. यांना इसुझूची व्ही-क्रॉस. दोन्ही फोर बाय फोर, चिखलातून वर चढणाऱ्या.

"आंब्याच्या पेट्या थारमध्ये कुठे ठेवणार?" हे विचारत.

"पेट्या दोन महिने. मग वर्षभर रिकामा हौदा मिरवायचा?" मुलगा म्हणे.

मला मात्र आदल्या जुलैतली रात्र आठवे. सासूबाईंना दम लागला होता. भाड्याची गाडी चढाखालीच अडकली. खुर्चीत बसवून आम्ही त्यांना पावसातून खाली नेले.

म्हणून गाड्या बघायला त्यांनाही नेले. थारमध्ये मागे शिरायला पुढची सीट वाकवावी लागते. त्यांचे गुडघे ऐकेनात.

"आजी पुढे बसेल की!"

"त्या रात्री तिला टेकायला माझा खांदा लागला होता," मी म्हटले.

व्ही-क्रॉसला मागेही स्वतंत्र दारे. हात धरून सासूबाई चढल्या, पदर सावरून बसल्या. "इथं बरं आहे हो," म्हणाल्या.

मुलाने मुकाट्याने आजीच्या बाजूचे दार लावले आणि किंमत विचारायला गेला.