चन्नम्मेच्या गावात कशाला हवा स्त्रीवाद?

आठ मार्चचं माझं भाषण ठरलेलं असे. धारवाडच्या एका कॉलेजात मी गणित शिकवत होते. स्टाफमधल्या बायकांत वयाने मोठी, म्हणून दरवर्षी माईक माझ्याकडेच यायचा. सुरुवात कित्तूरच्या राणी चन्नम्मेपासून. इंग्रजांशी झालेल्या १८२४च्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, ती हकीकत मी रंगवून सांगायची. मग हुबळीच्या गंगूबाई हनगल, मग सुधा मूर्ती. आणि शेवटी माझं आवडतं वाक्य, ‘अशा बायका ज्या मातीत जन्मल्या, तिथे स्त्रीवाद बाहेरून कशाला आणायचा?’ टाळ्या पडायच्या. पुढच्या रांगेतले पुरुष प्राध्यापक जरा जास्तच जोरात वाजवायचे, याचा अर्थ मला त्या वेळी लागला नाही.

एकदा बीएस्सीच्या एका मुलीने उभं राहून विचारलं, ‘मॅडम, सुधा मूर्तींनी टाटांना कार्ड लिहिलं, ती तक्रारच होती ना?’ मी म्हटलं, ‘तक्रार नव्हे बाळा, आत्मविश्वास.’ मुलं हसली, ती मुलगी बसली. मी प्रश्नाची बोळवण केली होती. हुबळीच्या बीव्हीबी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकून सुधाताई बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेत गेल्या. १९७४ साली तिथे त्यांनी टाटांच्या पुण्याच्या टेल्को कंपनीची जाहिरात वाचली, तीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. त्यांनी जेआरडी टाटांना कार्ड टाकलं. त्या कार्डाचा रोख नियमावर होता. स्वतःच्या हुशारीचं प्रमाणपत्र जोडून ‘मला तेवढं आत घ्या’ अशी ती विनवणी नव्हती. नियमाला हात घालणाऱ्या बाईलाच मी नियमाविरुद्ध बोलणाऱ्यांच्या तोंडावर फेकत होते.

गंगूबाईंचंही तेच केलं. सवाई गंधर्वांकडे शिकायला रेल्वेने कुंदगोळला जाणाऱ्या गंगूबाई मला ठाऊक होत्या, कारण त्यातून ‘कष्ट करा, फळ मिळेल’ हे सोयीने निघतं. बाकीचं निवृत्तीनंतर सवडीने वाचलं. आई अंबाबाई स्वतः कर्नाटक संगीत उत्तम गात. मुलीच्या हिंदुस्तानी तालमीत आपल्या गाण्याची भेसळ नको, म्हणून त्यांनी आपलं गाणं सोडलं. १९२४च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींसमोर स्वागतगीत गायला गेलेल्या लहानग्या गंगूला धास्ती कसली होती, तर जातीवरून आपल्याला पंगतीत वेगळं बसवतील की काय याची. पुढे मोठेपणी त्या बोलून दाखवत, की गवई मुसलमान असला तर उस्ताद होतो, हिंदू असला तर पंडित, पण केसरबाई-मोगूबाईंसारख्या गायिका शेवटपर्यंत बाईच. हे सगळं माझ्या भाषणात कधी आलं नाही. आलं असतं तर शेवटचं वाक्य म्हणता आलं नसतं.

मी स्वतःही स्वतःच्या हिमतीवर वर आले, अशी माझी पक्की समजूत. दोन बाळंतपणांची पगारी रजा घेतली तेव्हा ही रजा कोणी कधी मागितली असेल, असा विचार शिवला नाही. गिरणीतल्या बायकांसाठी मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूतीलाभाचा कायदा झाला. आदल्या वर्षी विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी त्या विधेयकाची बाजू मांडली होती. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातच. तरी मी मुलींना सांगत होते, स्त्रीवादी म्हणजे पुरुषांचा द्वेष करणाऱ्या. स्त्रियांच्या बाजूने लिहिणाऱ्या ताराबाई शिंद्यांची बाजू घ्यायला जोतीराव फुले उभे राहिले होते, हे मला माहीत होतं. ती माहिती आणि माझं हे वाक्य मी शेजारी ठेवून पाहिलं नाही. गणिताच्या बाईला हे शोभत नाही.

इथपर्यंतच्या चुका डोक्यातल्या. पुढची घरातली.

आमची शेती नवलगुंदकडची, काळी जमीन. आमचे वडील, अण्णा, गेले २००७ साली. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने लेकींनाही वडिलार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा झाला होता, म्हणूनच दादाने घाई केली असावी. हक्कसोडपत्राचा कागद तयार करून त्याने आम्हा दोघी बहिणींना सब-रजिस्ट्रार ऑफिसात बोलावलं. मला पगार, नवऱ्याला पगार. मी हसत सही केली, भावावर उपकार केल्याच्या थाटात. धाकटी मात्र पेन धरून बसली. तिचा नवरा वारलेला, मुलगा शाळेत. म्हणाली, ‘अक्का, थोडे दिवस थांबूया का?’

मी तिला बाहेर व्हरांड्यात नेलं. म्हटलं, ‘नागपंचमीला कुणाच्या दारी जाणार आहेस मग? चार एकरांसाठी माहेर तोडणार? मोर्चातल्या बायकांसारखं हे हक्क-हक्क कुठून शिकलीस?’ तिने आत जाऊन सही केली. दादाला तोंड उघडावंच लागलं नाही, त्याचं काम मी केलं. स्त्रीवादाने घरं मोडतात हे मी इतक्या वेळा बोलले होते की, एका बहिणीचं घर उभं राहायचं राहिलं हे दिसलंच नाही.

धाकटी जुन्या हुबळीत भाड्याच्या खोलीत राहिली. चार बायकांबरोबर खानावळींसाठी कडक भाकरी करून तिने मुलाला शिकवलं. ‘बघा, जिद्द असली की’ म्हणून हेही मी एका भाषणात वापरलं, नाव न घेता. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

२०२३च्या जूनमध्ये कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, तेव्हा मी पेन्शनर मंडळींबरोबर ‘फुकटेगिरी’ म्हणत होते. धाकटी सहज बोलून गेली, ‘बसचे पैसे वाचले, आता धारवाडला तुझ्याकडे मनात आलं की येता येतं.’ म्हणजे आजवर ती येत नव्हती ते बसच्या पैशांमुळे. मी मात्र तिला घुमी समजत होते.

त्यानंतर धाकटीचा वाटा परत मिळेल का, हे विचारायला मी वकिलांकडे गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०२०च्या ऑगस्टमध्ये लेकीचा वाटा जन्मापासूनचा आहे, २००५च्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असोत-नसोत, असं सांगितलं होतं. वकिलांनी कागद पाहिला आणि म्हणाले, नोंदवलेलं सोडपत्र, सही खुशीने केलेली, इतकी वर्षं उलटलेली. त्या निकालाचा इथे उपयोग नाही. धाकटीला दरमहा काही देईन म्हटलं, तर तिने मान हलवली. ‘पैसे नकोत अक्का. व्हरांड्यात जे बोललीस ते चुकीचं होतं, एवढं दादासमोर म्हण.’

पंचमीला दोघी दादाकडे गेलो. शेंगदाण्याच्या आणि तिळाच्या उंड्या समोर होत्या. मी म्हटलं ते. सलग म्हणता आलं नाही, मध्ये दोनदा पाणी प्यायले. दादा टीव्हीकडे बघत म्हणाला, ‘जुनं कशाला उकरायचं?’ पण स्वयंपाकघरातून वहिनी हात पुसत बाहेर आली. गदगला तिचे भाऊ दोन वर्षांपासून सहीसाठी मागे लागलेत, तिने अजून केलेली नाही. हे तिने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, दादालाही नसावं, त्याच्या चेहऱ्यावरून. ‘मी काय करू?’ तिने मला विचारलं.

सल्ला द्यायची मला जन्मभराची सवय. या वेळी वकिलांचा नंबर तेवढा तिच्या मोबाईलमध्ये घातला आणि सांगितलं, ते विचारतील तेवढंच सांग, कुठल्याही कागदावर घाईने सही करू नकोस. दादाने टीव्हीचा आवाज वाढवला, परत कमी केला, आणि म्हणाला, ‘आधी पानं वाढा.’