चुलीचा पंखा आणि विहिरीची मोटर



विहिरीवरची मोटर जळाली तर आपण काय करतो? रात्र असो की पाऊस, चौघे मिळून ती वर काढतो, मोटारसायकलवर बांधतो आणि वायंडिंगवाल्याच्या दारात जाऊन बसतो. दुसऱ्या दिवशी मोटर पुन्हा विहिरीवर. ऊस वाळतो ना!

आता दुसरा प्रश्न विचारतो. स्वयंपाकघरातली शेगडी बिघडली तर ती किती दिवसांत दुरुस्त होते? उत्तर देण्याआधी आमच्याच घरची गोष्ट ऐका. सांगताना मला थोडी लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमचे गाव सांगली जिल्ह्यात, खानापूरच्या घाटमाथ्यावर. मी तेव्हा नोकरीनिमित्त सातारा जिल्ह्यात कोरेगावला होतो. थोरले बंधू शेती पाहत. 2010 च्या सुमाराची ही हकिकत. त्या वेळी गावात गॅस थोड्याच घरी होता. आमच्या वहिनी पहाटेपासून चुलीपुढे असत आणि थंडी पडली की त्यांचा खोकला सुरू होई. म्हणून मी त्यांना कांड्यांवर चालणारी पंख्याची शेगडी नेऊन दिली.

ही शेगडी काय असते, ते ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. उसाचे चिपाड, शेंगांची टरफले असा शेतातला टाकाऊ माल दळून, दाबून बोटाएवढ्या कांड्या करतात. पांढरा कोळसा आपण कारखान्यांच्या भट्ट्यांवर पाहतो, त्याचेच हे धाकटे भावंड. कांड्या शेगडीच्या भांड्यात भरून वरून पेटवायच्या. खाली बॅटरीवर चालणारा लहानसा पंखा असतो. त्याच्या वाऱ्याचे दोन वाटे होतात. एक जाळीखालून कांड्यांत शिरतो. त्याने कांड्या धुमसतात आणि त्यांतून जळाऊ वायू निघतो. दुसरा वाटा भांड्याच्या वरच्या कडेला असलेल्या भोकांतून येतो आणि तो वायू जाळतो. आपण ज्याला धूर म्हणतो, तो बराचसा न जळलेला वायूच असतो. तो इथे जळून जातो, म्हणून शेगडी धूर करीत नाही. पंखा म्हणजे या शेगडीचा श्वासच म्हणा ना!

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने या तत्त्वावर तयार केलेली ‘ऊर्जा’ नावाची शेगडी 2006 च्या सुमारास महाराष्ट्रातही विक्रीला आली होती. आमची शेगडी दुसऱ्या बनावटीची, पण तत्त्व तेच. आपल्या भागालाही हा विषय नवा नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाच्या पाचटापासून असा जळाऊ वायू करण्याचे प्रयोग पूर्वीच केले होते.

शेगडी दिली त्या दिवशी मी अंगणात प्रात्यक्षिक दाखवले. बंधू होते, शेजारचे चार जण होते. सर्वांनी वाहवा केली. वहिनी मात्र आत चहा करीत होत्या. ही माझी पहिली चूक. ज्यांच्या हाती ती वस्तू जायची, त्यांनीच ती उघडलेली पाहिली नाही.

पुढे दिवाळीला घरी गेलो, तर माजघरातून ओळखीचा खोकला ऐकू आला. वहिनी चुलीपुढे बसल्या होत्या आणि शेगडी माळ्यावर होती.

“पंखा बंद पडला भावजी,” त्या म्हणाल्या. “बेंदराच्या आधीच.”

म्हणजे चार-पाच महिने झाले होते! त्याच पावसाळ्यात बंधूंची मोटर एकदा जळाली होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती विहिरीवर होती. बंधूंना विचारले तर म्हणाले, “चूल आहे की घरात. अडलंय कुठं?” बंधू वाईट माणूस नव्हेत. पण खोकला सातबाऱ्यावर लागत नाही, हेच खरे.

मी शेगडी खाली काढली. तळाचे स्क्रू सोडून पंखा बाहेर काढला. पात्यांत पीठ, राख आणि केस यांचा लगदा बसला होता. जुन्या दात घासायच्या ब्रशने तो साफ केला, आसाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला, बॅटरी रात्रभर चार्ज केली. सकाळी बटण दाबताच पंखा भिरभिरला. मी मनात खूष झालो.

पण शेगडी पेटवली आणि घरभर धूर झाला.

मी म्हटले, कांड्या सादळल्या असतील. पोते जमिनीवरच होते आणि तळच्या कांड्या फुगून भुसा झाल्या होत्या. वरच्या कोरड्या कांड्या चाळून घेतल्या, उन्हात घातल्या. तरी धूर. मग जाळीतली राख झाडली, भोके दाभणाने मोकळी केली. तरी धूर. शेवटी मी पदवीधर माणसाच्या थाटात निकाल दिला, “पंखा निकामी झालाय. विट्याहून नवा आणावा लागेल.”

वहिनी इतका वेळ उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “भावजी, पंखा फिरतोय चांगला. पण वारं कुठं जातंय ते बघितलं का?” त्यांनी देवापुढची उदबत्ती आणली आणि शेगडीच्या तळाशी, हवा आत शिरते त्या जाळीपुढे धरली. धूर आत ओढला जायला हवा होता. तो उलट बाहेर ढकलला जात होता.

पंखा मी उलटा बसवला होता! तो वारा फुंकत नव्हता, भांड्यातला बाहेर ओढत होता. स्क्रू सोडून पंखा पालटला आणि पाच मिनिटांत धूर बसला. ज्यांनी जन्मभर वारा पाहून धान्य उफणले, त्यांना वाऱ्याची दिशा मी काय शिकवणार? त्या दिवशी मीच शिकलो.

अशी शेगडी किंवा पंख्याची कुठलीही भट्टी तुमच्याकडे असेल, तर खर्च करण्याआधी या क्रमाने पाहा. पंखा फिरतो का? फिरत नसेल तर आधी बॅटरी आणि तारांचे सांधे तपासा, मग पात्यांतला मळ. फिरत असेल तर वारा कोणत्या बाजूला जातो ते उदबत्तीने पाहा. बहुतेक पंख्यांत नावाची चिकटपट्टी आणि आधाराच्या काड्या ज्या अंगाला असतात, त्या अंगाने वारा बाहेर पडतो. काहींच्या कडेला बाणही असतो. त्यानंतर जाळी व भोके आणि शेवटी कांड्यांचा ओलावा. पोते फळीवर ठेवा. स्वयंपाक झाला तरी निखारे विझेपर्यंत पंखा बंद करू नका, नाहीतर खाली उतरणारी धग पंख्यालाच लागते. मध्येच पंखा थांबला तर दारे-खिडक्या उघडा. पाणी ओतू नका. दार लावून शेगडी कधीच पेटवू नका, कारण त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो.

ती शेगडी आमच्या घरी आणखी दोन-अडीच वर्षे चालली. पुढे चिपाडाला साखर कारखान्यांच्या वीजनिर्मितीत मागणी वाढली, कांड्या महागल्या आणि मिळेनाशा झाल्या. नंतर गॅस आला. 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर गावातल्या बऱ्याच घरी सिलिंडर पोचले. तरीही भाकरीला आणि अंघोळीच्या पाण्याला चूल अजून पेटतेच. वहिनींचा खोकला कमी झाला, पण पुरता गेला नाही. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांच्या धुराने छातीत जे केले, ते आता मागे फिरायचे नाही. त्या वाया गेलेल्या महिन्यांचा हिशेब माझ्या मनातून जात नाही.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. कोणत्याही अवजाराचे प्रात्यक्षिक असो, ते ज्याच्या हाती जायचे त्याच्याच हाती स्क्रू ड्रायव्हर द्यायचा, आणि मी बाजूला उभे राहायचे.

वाचकहो, आज घरी गेल्यावर स्वयंपाकघरात डोकावा. माळ्यावर काही बिघडून पडले आहे का, ते विचारा. असेल तर विहिरीच्या मोटरइतक्याच घाईने ते खाली काढा.