आमच्या घरची बोलकी डबी

घरात नवी वस्तू आली, की पहिल्या दिवशी तिच्यासाठी जागा शोधावी लागते आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्याशी नाते जोडावे लागते. शिवणयंत्र, रेडिओ, फ्रिज, टेलिव्हिजन या सर्वांना आमच्या घराने असेच सामावून घेतले. मात्र यांपैकी एकाही वस्तूने आम्हांला उलट उत्तर दिले नव्हते. ते धाडस सध्या दिवाणखान्यातल्या फळीवर बसलेल्या एका वाटोळ्या डबीने केले आहे.

चिरंजीवांनी ती आणली. नावाने हाक मारली, की ती जागी होते. ते नाव मी येथे मुद्दामच लिहीत नाही. न जाणो, हा अंक कुणी मोठ्याने वाचू लागले, तर अनेक वाचकांच्या घरांत फळीवरून 'ओ' येईल!

अशी पहिली डबी अमेरिकेत २०१४ च्या नोव्हेंबरात विक्रीस आली. आपल्याकडे त्या २०१७ पासून मिळू लागल्या आणि पुढे हिंदीही बोलू लागल्या. खुद्द डबीच्या पोटात फारशी अक्कल नसते. तिचा कान मात्र स्वतःच्या नावाकडे सदैव लागलेला असतो. नाव ऐकू आले, की पुढचे वाक्य ती इंटरनेटवरून दूरच्या मोठ्या संगणकांकडे धाडते. तेथे त्याचा अर्थ लागतो आणि उत्तर क्षणात परत येते. डोक्यावरचे एक बटण दाबले, की तिचे कान मिटतात आणि लाल दिवा लागतो. माझ्या माहेरच्या मंडळींचा, म्हणजे सासरवाडीचा, विषय निघाला, की आमची सौ. आधी ते बटण दाबते आणि मगच तोंड उघडते.

या डबीचा खरा उपयोग झाला तो माझ्या आईला. आईचे वय ८८. काचबिंदूने तिची दृष्टी सहा वर्षांपूर्वी गेली. तोवर घरात जुना रेडिओ होता आणि त्याच्या खुंट्या तिच्या बोटांना पाठ होत्या. पुढे तो रेडिओ बंद पडला आणि गाणी मोबाइलमध्ये जाऊन बसली. "काचेवर बोटाला काही लागतच नाही रे," असे ती म्हणे. एखादे गाणे ऐकायचे, तर कुणाला तरी हाक मारावी लागे. सून स्वयंपाकात, नातसून कचेरीच्या घाईत, मी वर्तमानपत्रात. मग ती हाक मारीतच नसे. जन्मभर जिने कुणापुढे हात पसरला नाही, तिला गाण्यासाठी तरी मिंधे व्हायला कसे आवडणार?

पहिले दोन दिवस गंमतीत गेले. आमच्या डबीशी हिंदीत किंवा इंग्रजीत बोलावे लागते. आई "अगं, ऐकतेस का?" असे म्हणून पाहायची. डबी गप्प. माझा सात वर्षांचा नातू म्हणाला, "पणजी, तिला नावानं हाक मार आणि हिंदीत सांग." मग आईचे हिंदी सुरू झाले. "बेटी, जरा वो गाना लगाव, घाई नहीं है." डबीने काय लावले ते विचारू नका! पण तिसऱ्या दिवशी सकाळी आईच्या खोलीतून भजन ऐकू आले. तिने स्वतः लावलेले. चहाचा कप हातात घेऊन मी दाराशी उभा राहिलो. एवढ्या वर्षांत तिचा चेहरा इतका मोकळा पाहिला नव्हता.

आईला एकच गोष्ट खटके. नातू डबीला फर्मान सोडी. "अरे, पाण्याचा तांब्या मागतानासुद्धा 'जरा दे' म्हणावं," असे ती त्याला सांगे. ही काळजी परदेशांतल्या आईबापांनाही वाटत असावी. 'प्लीज' म्हणणाऱ्या मुलाचे डबीने कौतुक करावे, अशी सोय कंपन्यांनी २०१८ साली केली.

या दोघांचा एक खेळ आहे. नातू डबीला एखादे जुने गाणे लावायला सांगतो, पण ते आईच्या कानाआड. गाणाऱ्याचा आवाज सुरू होण्यापूर्वी, नुसत्या वाद्यांवरून, आईने गाणे ओळखायचे. ओळखले तर चिंचोका तिचा, नाही तर त्याचा. आई क्वचितच हरते. वर गाण्यामागची हकीकतही सांगते. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झाले, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. वाड्यात एकाच बिऱ्हाडी रेडिओ. वर्षभर, आठवड्याला एक नवे गीत, अशी ५६ गीते झाली. त्या दिवशी सगळा वाडा त्या खोलीत मावायचा आणि सेटवर कुणीतरी फूल वाहिलेले असायचे. डबीला गाणे ठाऊक आहे, ते फूल ठाऊक नाही.

या श्रावणात मात्र मला एक गोष्ट जाणवली. आई डबीला वार विचारू लागली. सकाळी विचारी, जेवणानंतर विचारी, पुन्हा दुपारी विचारी. डबी प्रत्येक वेळी त्याच गोड आवाजात सांगे. सून म्हणाली, "बघा, किती शांतपणे उत्तर देते. माणूस वैतागला असता." खरे आहे. पण ती वैतागत नाही, कारण हा प्रश्न आज पाचव्यांदा आला, याची तिला खंतच नाही. माणूस वैतागतो, आणि त्याच वैतागातून त्याच्या मनात चर्र होते. माझ्याही झाले.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासण्या केल्या, औषधे दिली आणि वयाचा भागही समजावून सांगितला. निघताना म्हणाले, "त्यांना बोलतं ठेवा. एकट्या बसू देऊ नका."

तेव्हापासून आम्ही डबी आईच्या खोलीतून दिवाणखान्यात आणली. आईची खुर्चीही तिच्याशेजारी आली. हवे ते गाणे हवे तेव्हा लावायचे तिचे स्वातंत्र्य तसेच आहे. वार मात्र आम्ही सांगतो. दिवेलागणीनंतर रोज अर्धा तास खेळ होतो आणि त्यात आता सारेच बसतो. नियम एक वाढला आहे. नुसते गाणे ओळखून चिंचोका मिळत नाही. ते आपण कुठे ऐकले, कुणाबरोबर ऐकले, तेही सांगावे लागते. सुनेला त्यात तिच्या शाळेतले स्नेहसंमेलन आठवले आणि मला माझ्या वडिलांचे शीळ घालणे. आई कधी अडखळते, कधी दोन हकीकती एकमेकींत मिसळतात. आम्ही हटकत नाही.

चिंचोक्यांच्या मोजणीत अजून तीच पुढे आहे. दिवाळीच्या सुट्टीत बरोबरी करीन, असे नातवाने जाहीर केले आहे. त्यावर आई म्हणाली, "ये की. मी कुठं जातेय?"