भिंतीवरील कॉफीची चक्की

आमच्या स्वयंपाकघरांतील भिंतीवर चिनी मातीच्या भांड्याची जुनी जर्मन चक्की आहे. अशा चक्क्या जर्मनी व हॉलंड देशांतील पुष्कळ घरांत असत. मात्र त्या गाळून घ्यावयाच्या कॉफीसाठीं. एस्प्रेसोस सुमारें ९ बार दाबाचें पाणी भुकटींतून २५ ते ३० सेकंदांत जावें लागतें. दळण जाड झालें तर पाणी धांवतें, फार बारीक झालें तर अडतें. चक्कीचा आंस डळमळत असला तर कण लहानमोठे पडतात, पाणी दुबळी वाट शोधितें, आणि पेला एकाच वेळीं आंबटही व कडूही! म्हणून विकत घेणारानें वरचीं निळीं फुलें पाहूं नयेत, दांडा हालवून पाहावा. आमचा आंस घट्ट आहे. मळसूत्र किंचित् आवळून आम्ही पहांटे दळतों. श्रम पुष्कळ, पण विजेच्या चक्कीहून आवाज थोडा. आणि दम्यानें रात्रभर जागलेल्या आमच्या मातोश्री त्याच वेळीं शेजारच्या खोलींत झोंपीं गेलेल्या असतात.