ओळखपत्रावरील एक शब्द

शिक्षकाची चूक फळ्यावरून पुसतां येते. विद्यार्थ्यांच्या मनांतून ती पुसणें सोपें नसतें. आमच्या हातून अशी एक चूक कित्येक वर्षें होत राहिली. तिची कबुली वाचकांपुढें द्यावी असें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही तेव्हां महाविद्यालयांत इतिहास शिकवीत होतों. १९९४ सालीं आफ्रिकेंतील रवांडा देशांत सुमारें शंभर दिवसांत लक्षावधि माणसें मारलीं गेलीं. त्यांत बहुतेक तुत्सी होते. वर्गांत विषय निघतांच, ‘हुतू आणि तुत्सी या दोन टोळ्यांचें हें पुरातन वैर’ असें आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें सांगून टाकलें. मागील बांकावरील एका मुलीनें विचारलें, “सर, दोघांची भाषा निराळी आहे का?” “असावी,” असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली. भाषा एकच, किन्यारवांडा, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. पुढेंही दरवर्षीं आम्ही तेंच सांगत राहिलों.

सेवानिवृत्तीनंतर महमूद ममदानी यांचे ग्रंथ हातीं आले. या पंडिताचा जन्म मुंबईचा, १९४६ सालचा. बालपण गेलें युगांडांत. १९७२ सालीं इदी अमीन यानें आशियाई लोकांस नव्वद दिवसांत देश सोडण्याची आज्ञा केली, तींत तेही हद्दपार झाले. देशांत वाढलेला मनुष्य एका आज्ञेनें परका कसा ठरतो, हा प्रश्न पुढें त्यांच्या ग्रंथांतून पुनःपुन्हा भेटतो. दार-एस-सलाम, मकेरेरे, केप टाऊन, कोलंबिया अशा विद्यापीठांतून त्यांनीं अध्यापन केलें. ‘सिटिझन अँड सब्जेक्ट’ या १९९६ सालच्या ग्रंथांत ते दाखवितात कीं, वसाहतवाल्यांनीं गोऱ्यांस नागरी कायदा दिला आणि खेड्यांतील एतद्देशीयांस ‘रूढी’च्या नांवाखालीं मुखियांच्या हातीं सोंपविलें.

रवांडांतही हुतू आणि तुत्सी हे भेद पूर्वीपासून होते. परंतु गुरेंढोरें वाढलीं, राजाची मर्जी बसली, म्हणजे कुटुंबाची पायरी बदलूं शके. बेल्जियन सरकारनें १९३० नंतरच्या दशकांत शिरगणती करून ओळखपत्रावर तो शब्द कायमचा लिहिला. तुत्सी बाहेरून आलेली राज्यकर्ती जात आणि हुतू भूमिपुत्र, अशी समजूत सरकारी दप्तरांतून आणि शाळांतून रुजविली. १९९४ सालीं रस्त्यारस्त्यांवर मारेकरी तेंच ओळखपत्र पाहून माणूस ठरवीत होते.

तें वाचून आम्हांस आमचें घर आठवलें. १९०१ च्या खानेसुमारींत रिस्ले साहेबांनीं जातींची उतरंड लावण्याचा घाट घातला. जाति इंग्रजांनीं निर्माण केली असें नव्हे. ती होतीच, आणि तिचा जाचही होताच. परंतु यादींत आपलें नांव वरच्या पायरीवर आहे, एवढ्यावरच आमचें समाधान झालें. यादी कोणीं आणि कशासाठीं लिहिली, हें विचारण्याची गरज घरांत कोणासच भासली नाहीं. ही संवयच आम्ही वर्गांत घेऊन गेलों होतों.

ती मुलगी आतां स्वतः शिक्षिका आहे. पत्ता मिळवून आम्हीं तिला सर्व हकीकत लिहिली. तिचें उत्तर दोनच ओळींचें आलें: “सर, पत्र मुलांना वाचून दाखविलें. त्या दिवशीं आपण ‘ठाऊक नाहीं’ म्हणाला असतां, तर तेंच मीं आपल्याकडून शिकून घेतलें असतें.”