गिरणगावचे दुसरे मत

1952च्या जानेवारीत मुंबई शहर (उत्तर) या लोकसभा मतदारसंघातील मतदार मतदान केंद्रात शिरला, तेव्हा त्याच्या हाती एक नव्हे तर दोन मतपत्रिका पडल्या. मतदारसंघ द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. आडोशामागे प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह. दोन मते दोन निरनिराळ्या पेट्यांत टाकावयाची. दोन्ही एकाच पेटीत पडली तर त्यांपैकी एकच जमेस धरले जाई, दुसरे बाद होई. राखीव जागेचा प्रतिनिधी केवळ अस्पृश्य मानल्या गेलेल्या मतदारांनी निवडावयाचा नव्हता. तो सर्वांनी मिळून निवडावयाचा होता. पुणे करारातून पुढे आलेल्या संयुक्त मतदारसंघाच्या तत्त्वाचा हा प्रौढ मतदानाने घेतलेला पहिला कस होता. ज्याच्या नावाशी तो करार जोडलेला आहे, तो पुरुष स्वतः या कसोटीला उभा होता, हा योगायोग इतिहासाने जणू मुद्दाम घडवून आणला.

शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि समाजवादी पक्ष यांची युती झाली होती. राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता. काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर समोर होते, आणि तिसऱ्या बाजूस कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे. निकाल लागला तेव्हा गांधी व काजरोळकर निवडून आले. काजरोळकरांना 1,38,137 मते पडली, राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांना 1,23,576. जोडीदार अशोक मेहता यांना आंबेडकरांहून अधिक मते मिळाली होती. पराभूत जोडीतही दुसरे मत पहिल्या मताइतके मोकळेपणाने पडले नाही, हे त्या आकड्यांतून दिसते. मतदारांनी दुसरे मत जाणूनबुजून वाया घालवावे असा प्रचार कम्युनिस्टांनी केला, या आरोपावरून आंबेडकर व मेहता यांनी निवडणूक अर्ज केला. निकाल मात्र बदलला नाही.

या पराभवाची कारणमीमांसा करताना काँग्रेसची लाट, नेहरूंची लोकप्रियता, डांगे यांचे डावपेच यांचा उल्लेख नेहमी होतो, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु दुसरे मत का अडखळले याचे उत्तर सभांच्या मैदानांपेक्षा गिरणीच्या आत अधिक सापडते. मुंबईतील पहिली सूतगिरणी 1850च्या दशकात सुरू झाली. तेव्हापासून शतकभर परळ, लालबाग, भायखळा, शिवडी, वरळी, डिलाईल रोड या पट्ट्यात जो कामगार येऊन राहिला, तो एका छपराखाली काम करीत असला तरी एका खात्यात काम करीत नव्हता. साचा खात्यात, म्हणजे मागावर, मजुरी अधिक. तेथे महार कामगाराला मज्जाव होता. कारण असे की कांडी बदलताना धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले तो सवर्ण कामगाराने तोंडाला कसा लावावा? त्यामुळे दलितांच्या वाट्याला कमी पगाराचे रिंग खाते आले. 1928च्या प्रदीर्घ संपात आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे स्पष्टपणे मांडला. संपाची मागणी मालकाकडे करायची, पण साचा खात्याचे दार तर कामगारानेच अडवून धरलेले. मग ते कोणी उघडायचे? दहा वर्षांनी, 7 नोव्हेंबर 1938 रोजी, औद्योगिक कलहविषयक विधेयकाच्या विरोधात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले व गिरण्या बंद पडल्या. 1928 आणि 1938 ही दोन वर्षे शेजारी ठेवून वाचली तरच 1952 समजते. धागा तोंडाने ओढणारा तोच हात मतपेटीपर्यंत गेला होता.

गिरणगाव म्हणजे मराठी कामगार, असे समीकरण पुढे रूढ झाले. ते पुरेसे खरे नाही. रत्नागिरीकडचा कोकणी आणि साताऱ्याकडचा घाटी हे त्याचे दोन मोठे घटक खरेच. परंतु मदनपुऱ्यातील मोमीन विणकर उत्तर हिंदुस्थानातून आलेले, कामाठीपुऱ्यात व वरळी-प्रभादेवीत तेलुगू वस्ती, आणि बी.डी.डी., बी.आय.टी. चाळींतून दलित कुटुंबे. खोली एकाच गावच्या मंडळींनी मिळून भाड्याने घेतलेली, पाळीप्रमाणे निजणारे वीस-वीस पुरुष, जेवण खानावळवालीकडे. त्या खानावळवाल्या बायांची नावे कामगार चळवळीच्या इतिहासात तळटिपेतही क्वचित आढळतात. संपाच्या काळात उधारीवर जेवू घालणाऱ्या त्याच होत्या. अशा वस्तीचा मतदार कामगार म्हणून एक, जातीने दुसरा, गावाने तिसरा आणि भाषेने चौथा असे. निवडणूक त्याला दर वेळी विचारी की यांतला कोण मत द्यायला आला आहे.

1957 साली या प्रश्नाचे उत्तर काही काळ सोपे झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळीबार झालेले होते, आणि अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर या शाहिरांचे आवाज चाळींच्या पटांगणांतून घुमत होते. संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट होते, समाजवादी होते आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही होती. मुंबई शहर (मध्य) या द्विसदस्य मतदारसंघातून डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने असे दोघेही निवडून आले. पाच वर्षांपूर्वी ज्या दोन पक्षांनी एकमेकांच्या मतांचा हिशेब न्यायाधिकरणापुढे मांडला होता, त्यांची मते आता एकाच जोडीत पडली. आंबेडकर हे पाहायला नव्हते. डिसेंबर 1956 मध्ये त्यांचे निधन झाले होते. भाषेने जे घडवले ते वर्गाला का जमले नव्हते, असा प्रश्न डाव्या चळवळीने तेव्हाच स्वतःला गांभीर्याने विचारायला हवा होता. विजयाच्या वर्षी असे प्रश्न कोणी विचारत नाही.

1961च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ संपले. आता एक मतदार, एक मतपत्रिका. 1962 साली डांगे पडले व विठ्ठल बाळकृष्ण गांधी पुन्हा निवडून आले. 1967 साली मध्य-दक्षिण मुंबईतून डांगे पुन्हा लोकसभेत गेले, 1971 साली तीच जागा काँग्रेसचे अब्दुल कादर सालेभॉय यांच्याकडे आली. शेजारच्या मध्य मुंबईत, जागा राखीव नसताना, रिपब्लिकन पक्षातून काँग्रेसमध्ये गेलेले आर. डी. भंडारे 1967 व 1971 असे दोनदा निवडून आले. मतदारसंघांची पुनर्रचना होऊन दक्षिण मध्य मुंबई असे नाव पडल्यावर 1977 साली बी. सी. कांबळे आणि 1980 साली आंबेडकरांचे जुने सहकारी न्यायमूर्ती आर. आर. भोळे यांना याच पट्ट्याने खुल्या जागेवरून पाठवले. ही नामावळी वरवर पाहता 1952ची भरपाई वाटते. भंडारे आणि भोळे मात्र काँग्रेसचे उमेदवार होते, आणि कांबळे 1977च्या सत्तांतराच्या लाटेत आले. दुसरे मत मोकळे झाले होते की पक्षाच्या चिन्हाखाली झाकले गेले होते, हे या निकालांवरून ठरवणे कठीण आहे.

ते झाकण 1974च्या जानेवारीत उडाले. भंडारे बिहारचे राज्यपाल झाल्याने मध्य मुंबईत पोटनिवडणूक आली. काँग्रेसने रामराव आदिकांना उभे केले, शिवसेनेने त्यांना पाठिंबा दिला. कम्युनिस्टांच्या उमेदवार होत्या डांगे यांच्या कन्या रोझा देशपांडे. दलित पँथरने मतदानावर बहिष्कार पुकारला. 5 जानेवारीला वरळीच्या बी.डी.डी. चाळींजवळ पँथरची सभा झाली, दगडफेक झाली, आणि दंगल पेटली. 10 तारखेच्या मोर्चावर परळ भागात वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव हा तरुण ठार झाला. एका चाळीत सवर्ण, समोरच्या चाळीत दलित. दोन्हीकडचे पुरुष एकाच भोंग्यावर उठणारे. रोझा देशपांडे निवडून आल्या. परंतु या निवडणुकीतील सर्वांत बोलके मत पेटीत न पडलेले मत होते. 1952 साली दुसरे मत वाया घालवल्याची तक्रार दलित नेतृत्वाने केली होती. 1974 साली त्याच समाजातील तरुणांनी आपले एकुलते मत स्वतःहून रोखून धरले. बावीस वर्षांतला हा प्रवास निकालपत्रकात सापडत नाही. तो सापडतो साहित्यात. बाबुराव बागुलांच्या 1963च्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’मध्ये कामगाराच्या ओळखीखाली जात लपवणे म्हणजे काय हे आलेले होते. 1966 साली ‘माझे विद्यापीठ’ घेऊन आलेले नारायण सुर्वे गिरणी कामगाराने सांभाळलेले, जन्माची जात ठाऊक नसलेले मूल होते. त्यांच्या कवितेतला कामगार अखंड आहे. नामदेव ढसाळांच्या 1972च्या ‘गोलपिठा’ने ती अखंडता फोडली. समीक्षेने या कवींना बहुधा वेगवेगळ्या दालनांत मांडले. ते मतदार मात्र एकाच पट्ट्यातले होते.

शिवसेनेचा उदय हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढे नोंदवणे पुरे, की परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा जून 1970 मध्ये खून झाला आणि त्या जागेच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नीचा पराभव करून वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा सर्वांत मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, नेतृत्व डॉ. दत्ता सामंत यांचे. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्याच्या मुळाशी बोनस व वेतन होते, तसाच 1946चा मुंबई औद्योगिक संबंध कायदाही होता. त्या कायद्याप्रमाणे एकाच संघटनेला प्रतिनिधित्वाचा हक्क मिळे, आणि तो सभासदांच्या नोंदीवरून ठरे, कामगारांच्या गुप्त मतदानाने नव्हे. म्हणजे देशाचा पंतप्रधान ठरवण्यात ज्याचे मत चाले, त्याला आपल्या गिरणीत आपल्या वतीने कोण बोलणार हे पेटीत मत टाकून ठरवता येत नव्हते. डिसेंबर 1984 मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर, देशभर काँग्रेसला अभूतपूर्व यश मिळत असताना, दक्षिण मध्य मुंबईने दत्ता सामंत यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले. तोवर संप व्यवहारात हरलेला होता. कित्येकजण गावी परतले होते, कित्येकांची नोकरी गेली होती. या विजयाला सहानुभूतीचे मत म्हणणे अन्यायाचे ठरेल. गिरणीच्या फाटकात नाकारलेले मतदान कामगारांनी लोकसभेच्या पेटीत करून घेतले, असेच त्याचे वाचन करावे लागते.

पाच वर्षांनी तीच जागा वामनराव महाडिकांनी जिंकली. 1991पासून 2004पर्यंतच्या पाचही निवडणुकांत शिवसेनेचे मोहन रावले निवडून आले. मतदारसंघ इतका स्थिर पूर्वी कधीच नव्हता, आणि त्याच्या पायाखालची जमीन इतकी अस्थिरही कधी नव्हती. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट उघडली, 2001च्या दुरुस्तीने ती रुंद केली, आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात दुकानांचे झगमगते संकुल उभे राहिले. जयंत पवारांच्या 1997च्या ‘अधांतर’ नाटकातील कुटुंब याच काळात खोलीत बसून आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत दत्ता सामंत यांचा खून झाला होता.

2008च्या पुनर्रचनेने, 2009च्या निवडणुकीपासून, दक्षिण मध्य मुंबई हे नाव उत्तरेकडे सरकले. त्या नावाखाली आता अणुशक्तीनगर, चेंबूर, धारावी, सायन कोळीवाडा, वडाळा आणि माहीम हे विधानसभा मतदारसंघ आहेत. 2009 साली तेथून काँग्रेसचे एकनाथ गायकवाड निवडून आले, 2014 व 2019 साली शिवसेनेचे राहुल शेवाळे, 2024 साली शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे अनिल देसाई. वरळी, शिवडी आणि भायखळा हे जुन्या गिरणगावचे तुकडे दक्षिण मुंबईला जोडले गेले. तेथील मतदार आता मलबार हिल, मुंबादेवी आणि कुलाबा येथील मतदारांबरोबर एकच खासदार निवडतो. आंबेडकरांच्या भव्य स्मारकासाठी दादरच्या इंदू मिलची जमीन देण्यात आली. 2015 साली तेथे भूमिपूजन झाले. आणि 2025च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील 556 कुटुंबांना नव्या उंच इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. 1974 साली ज्या दोन चाळींमधून दगड आले-गेले, त्या चाळींच्या जागी आता एकच उद्वाहक वर-खाली होईल, आणि मतदार यादीत चाळीचा क्रमांक लिहिण्याची जागा इमारतीच्या नावाने भरावी लागेल.