ओतूरच्या एस.टी.पासून किती लांब?

मांडवी नदीकाठचे ओतूर हे कल्याण-नगर रस्त्यावरचे जुने बाजारगाव. कपर्दिकेश्वराची श्रावणी सोमवारची यात्रा, तुकोबारायांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आणि कांद्याचा बाजार, ही या गावाची ओळख. पेढी, दुकान किंवा शेती यांवर अनेक घरांच्या पिढ्या इथे नांदल्या. तरीही मुलाला किंवा जावयाला शहरात नोकरी लागली की घरातली बोलणी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात : बिऱ्हाड नेमके कुठे करायचे?

गावातून दोन वाटा फुटतात. पश्चिमेची वाट माळशेज घाट उतरून मुरबाडमार्गे कल्याणला जाते. जुन्नर-आंबेगावातून मुंबईत गेलेल्यांनी एके काळी बाजारपेठांत माथाडी म्हणून ओझी वाहिली, घरोघरचे डबे पोहोचवले. त्यांच्या पुढच्या पिढीने कल्याण, शहाड, टिटवाळा, बदलापूर अशी दूरची उपनगरे धरली. लोकलचा पास स्वस्त, ही तिथली जमेची बाजू. मात्र पावसाळ्यात माळशेजमध्ये दरड कोसळली की रस्ता बंद होतो, आणि नेमके त्याच दिवशी गावाकडे कोणी आजारी पडले तर जायचे कसे, हा घोर मनाला लागून राहतो.

दुसरी वाट आळेफाटा किंवा नारायणगाव गाठून पुणे-नाशिक महामार्गाला मिळते. मंचर, राजगुरुनगर, चाकण, मोशी, भोसरी ही ओळ ओतूरकरांना तोंडपाठ असते, कारण गावाकडची एस.टी. याच क्रमाने त्यांना पुण्यात नेते. आज घराचा शोध बहुधा याच ओळीत चालतो.

भोसरी ही त्यातली जुनी वसाहत. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून 1970 मध्ये नगरपालिका झाली, 1982 मध्ये तिची महानगरपालिका झाली. कारखाने, दाट वस्ती, मोठी बाजारपेठ असे सारे इथे हाताशी आहे. पण नव्या माणसाची एक फसगत हमखास होते. मेट्रोच्या ज्या स्थानकाला सुरुवातीला भोसरीचे नाव जोडले गेले, ते प्रत्यक्षात नाशिक फाट्यावर आहे. ‘मेट्रोजवळ घर’ अशी जाहिरात वाचून खोली पाहायला गेलेल्याला पुढे रिक्षाने बरेच अंतर कापावे लागते. नकाशावरची दोन बोटे रोजच्या जाण्यायेण्यात अर्धा तास होतात, हे पहिल्याच आठवड्यात कळते.

मोशी, चिखली, चऱ्होली ही गावे 1997 मध्ये महापालिकेत आली. शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. खोल्या मोठ्या, वारा मोकळा आणि भाडे भोसरीपेक्षा सोसवणारे, म्हणून तरुण जोडप्यांची पसंती इकडे असते. इथे पाण्याची चौकशी आधी करावी. पिंपरी-चिंचवडमध्ये 2019 च्या अखेरीपासून नळाचे पाणी दिवसाआड सोडण्याची पद्धत सुरू झाली. नव्या सोसायट्यांत उरलेली गरज टँकर भागवतो आणि त्याचा खर्च देखभालीच्या वर्गणीत शिरतो. घरमालक भाडे सांगतो, वर्गणी सांगायला विसरतो. त्यापेक्षा पहारेकऱ्याला विचारावे की गेल्या उन्हाळ्यात दिवसाला किती टँकर येत होते. शहराचा कचरा डेपोही मोशीतच आहे. सकाळी घर पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही, म्हणून एक फेरी संध्याकाळी, वारा फिरल्यावर मारावी. इंद्रायणीकाठच्या स्वस्त जागांबाबत तर दुप्पट सावध राहावे. मे 2025 मध्ये चिखलीत पूररेषेतील 36 बंगले महापालिकेने पाडले. मालकांचीच ही गत, तिथे भाडेकरूला कोण विचारतो?

चाकण गावाकडच्या मंडळींना ओळखीचे वाटते, कारण कांदा-बटाट्याचा बाजार तिथेही मोठा आहे. कामाचा कारखाना चाकणमध्येच असेल तर तिथे राहण्यासारखे सोयीचे काही नाही. नोकरी शिवाजीनगरला आणि घर चाकणला असेल, तर तळेगाव चौकातील कोंडी रोजचे आयुष्य खाते. हिशेब साधा आहे. समजा, भाड्यात महिन्याला 3000 रुपये वाचले. त्यासाठी रोज दोन तास जास्त द्यावे लागले, तर 25 दिवसांत 50 तास होतात. म्हणजे तासाला 60 रुपयांनी स्वतःचा वेळ विकला, शिवाय पेट्रोल वेगळेच.

सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम असलेल्या घरात हे तास आणखी महाग होतात. मार्गशीर्षात पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साडेपाचला सुटणारा माणूस कोंडीत अडकला तर त्याचे ताट झाकूनच राहते आणि सासूबाईंचा गावाहून फोन येतो, ‘जेवलात ना?’ त्यावर खोटे बोलवत नाही. स्थानक किंवा मंदिर चालत जाण्याच्या टप्प्यात असावे, ही अपेक्षा चातुर्मासात घरातली वडीलधारी मंडळी राहायला आली की विशेष जाणवते.

करारनाम्याच्या बाबतीत मात्र ओळखीचा माणूस आहे म्हणून सैल राहू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो 11 महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1000 आणि ग्रामीण भागात 500 रुपये. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, उलटे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर येते.

एवढे सगळे मोजूनही अनेक ओतूरकर अखेरीस भोसरीचीच दोन खोल्यांची जागा घेतात. तिथल्या खिडकीतून दिसते ती समोरच्या इमारतीची भिंत, आणि भाडेही मोशीपेक्षा थोडे जास्तच. त्यांचे कारण विचारले तर ते पाण्याचे किंवा मेट्रोचे नाव घेत नाहीत. वाकडेवाडीहून सुटलेली गावाकडची एस.टी. भोसरीवरून जाते. शनिवारी दुपारी पिशवी उचलायची, थांब्यावर उभे राहायचे, की दिवेलागणीपूर्वी आईच्या ओसरीवर. परतताना रविवारी त्याच गाडीच्या टपावरून बाजरीचे पोते आणि तांदळाची गोणी उतरते. थांब्यापासून घरापर्यंत ती खांद्यावर नेता येते.